निळी रेघ सरकवणार नाही

नगरपालिकेत नोकरी करते म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पाणी कधी येणार?" मी नगररचना शाखेत होते. नळाशी माझा काडीचाही संबंध नव्हता. तरी लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकड्यावर, भाजी घेताना, सगळी नोकरीभर हाच प्रश्न ऐकला. शेवटच्या काही वर्षांत मात्र मी खरोखरच या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसले. फक्त ते पाणी नळाचं नव्हतं, कृष्णेचं होतं. आणि उत्तर सापडलं तेव्हा ते कुणालाच नको होतं.

गाव सांगली जिल्ह्यातलं, नदीकाठचं. नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिथली मंडळी म्हणतील, बाईंनी निवृत्त झाल्यावरही बदनामी सोडली नाही. नाही लिहिलं तर काठावरच्या प्रत्येक गावाला वाटेल की हे आपलंच. मला दुसरं चालेल.

माझं माहेर वाईचं. तिथं नदी घाटाच्या पायऱ्या चढून यायची आणि मुकाट परत जायची. सासर कवठे महांकाळचं, तिथं पाणी टँकरनं यायचं. नोकरी लागली ती पुराच्या गावात. माझे यजमान शिक्षक, मोजकं बोलणारे. ते म्हणायचे, "तुझ्या नशिबात पाणी कधी बेतानं आलंच नाही."

माझं काम नकाशांचं. आधी ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं, नंतर संगणकावर. रस्ता कुठून जाणार, शाळा कुठं होणार, घर कुठं बांधू द्यायचं, हे नकाशावर ठरवायचं आणि प्रत्यक्षात त्यातलं काय काय झालं नाही ते बघत बसायचं, अशी ही नोकरी. चिडणाऱ्या माणसाला ती झेपत नाही. मी चिडकी आहे, तरी मला झेपली.

मग आमच्याकडं नवे मुख्याधिकारी आले. तरुण, कामाला वाघ, आणि गाव स्मार्ट करायचं असं ठरवूनच आलेले. सभागृहाशेजारच्या खोलीत भिंतभर पडदा बसला. त्यावर घंटागाड्या ठिपक्यांसारख्या फिरायच्या, पथदिवे हिरवे-तांबडे दिसायचे. बाहेरून कोणी आलं की त्याला आधी त्या खोलीत नेऊन चहा द्यायचा. एकदा पाहणीला आलेल्या एका अधिकारी बाईंनी विचारलं, "पूर आला की यावर काय दिसतं?"

पडदा बसवणाऱ्या कंपनीचा माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, पूर आला की वीज जाते. पडदा बंद असतो."

सगळे हसले. मीही हसले. पण घरी जाताना ते वाक्य डोक्यातून जाईना. घंटागाडी कुठं आहे हे आम्हाला कळत होतं. माणसं कधी बुडणार हे कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी जमवाजमव सुरू केली. यात गुपित काही नव्हतं, हे मुद्दाम सांगते, कारण पुढं आरोप झाला तो याचाच. धरणातून किती पाणी सोडलं, हे पाटबंधारे खातं जाहीर करतं. पुलापाशी नदीची पातळी किती, तेही पावसाळ्यात सांगितलं जातं. पाऊस हवामान खातं मोजतं. जमिनीची उंची उपग्रहांनी मोजलेली असते आणि ती फुकट मिळते. आकाशातून टिपलेली गावाची जुनी-नवी छायाचित्रं कुणालाही संगणकावर बघता येतात. शिवाय जनगणना, मतदार यादी. सगळं उघड्यावर पडलेलं. फक्त एकेक गोष्ट एकेका खात्याच्या कपाटात, आणि एक कपाट दुसऱ्याशी बोलत नाही. मी त्यांना एका नकाशावर शेजारी शेजारी बसवणार होते, एवढंच.

सरकारी पूररेषा असतात. पण त्या सबंध गावावरून जाणाऱ्या दोन जाड रेघा. बांधकामाच्या परवानगीला त्या पुरतात, गल्लीतल्या बाईला पुरत नाहीत. तिला हवं असतं ते असं: पुलापाशी पाणी इतकं चढलं की माझ्या उंबऱ्याशी येतं का, आणि येतं तर कुठल्या बाजूनं.

पहिल्याच फेरीत ठेच लागली. उपग्रहाच्या उंचीत पुरुषभर चूक असू शकते. डोंगराचा नकाशा काढायचा तर ती चालते. पुरात पुरुषभर चूक म्हणजे जिवाशी गाठ. मग मी शाखेतलं जुनं लेव्हल यंत्र काढलं. तीन पायांवरची दुर्बीण आणि समोर कुणीतरी उभा धरलेला आकड्यांचा उंच दांडा, रस्त्याकडेला आपण बघतो तेच. शिपायाला दांडा धरायला लावून गल्लीगल्लीतून उंची मोजत निघाले.

आणि मला कळलं की पाण्याची सगळ्यात चांगली नोंद कुठल्याही खात्यात नाही, ती भिंतींवर आहे. घराघरांत मागच्या पुराची खूण जपलेली होती. कुणी रंग देताना तेवढी पट्टी सोडली होती, कुणी देवळीखाली रेघ मारली होती. एका आजींनी कॅलेंडर बाजूला केलं आणि खिळा दाखवला. "ह्या खिळ्यापतूर आलं हुतं. म्हणून खिळा काढू दिला न्हाई." मी खिळ्याची उंची घेतली. आजींनी सुनेला सांगितलं, "बघ, सरकार आलं खिळा मोजायला."

हे सगळं जोडल्यावर जे दिसलं त्याची मलाही कल्पना नव्हती. पूर नदीकडून येतो असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. लोक नदीकडं तोंड करून वाट बघत बसायचे. पण नदी चढली की गावाचा मोठा ओढा तुंबतो आणि उलटा वाहायला लागतो. पहिलं पाणी येतं ते गावाच्या मागून, जिथं कुणाचं लक्ष नाही तिथून.

आणि गावाच्या मागं ओढ्याकाठी 'नंदनवन' होतं. आमच्या एका नगरसेवकांची बंगल्यांची वसाहत. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं; त्यांचा स्वतःचा बंगलाही तिथंच, जरा वरच्या अंगाला. नंदनवनाच्या भिंतीला लागून, ओढ्याच्या उतारावर पत्र्यांची आणि ताडपत्र्यांची एक वस्ती होती. आमच्या कुठल्याच नकाशात ती नव्हती. तिथं नुसता पांढरा कागद होता.

मी तिथं मोजायला गेले तेव्हा पार्वतीची ओळख झाली. शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधून विकणारी, चाळिशीची, आवाजात धार असलेली बाई. केरसुणी आवळता आवळताच तिनं विचारलं, "काय मोजतायसा?"

मी सांगितलं, पाणी कुठवर येतं ते.

"ते आमालाच इचारा की. आमच्या चुलीपासनं सुरू हुतंय." मग तिनं हात थांबवला. "पण बाई, आमची घरं नगा काढू कागदावर."

"का?"

"कागदावर आलो की उठीवत्यात. मागं एकदा मोजाय आलती, मग घरं पाडाय मशीन घिऊन आली. न्हाई दिसलो तर ऱ्हातो तरी."

तिचं खोटं नव्हतं. आम्ही लोक नेहमी म्हणतो, माहिती आली की विकास येतो. तिच्याकडं माहितीमागून यंत्र आलं होतं. मी तिला शब्द दिला की घरं काढणार नाही, फक्त पाण्याची रेघ काढीन. आणि तिला समजावलं, "पुलाच्या खांबावर पातळीचे पट्टे रंगवलेत ना, त्यातल्या दुसऱ्याला पाणी लागलं, की कुणी सांगायची वाट बघू नका. सामान उचला आणि टेकाडावरच्या शाळेत जा. तिथं पाणी येत नाही." शाळा नकाशावर कोरडी होती, आजूबाजूच्या भिंतींवरही खूण नव्हती. मी छातीठोकपणे सांगितलं.

नकाशा तयार झाला. पाणी चढेल तशा गडद होत जाणाऱ्या निळ्या छटा आणि त्यांच्या कडेला निळी रेघ. मुख्याधिकारी साहेबांनी बघितला, खूश झाले, नगरपालिकेच्या संकेतस्थळावर टाकायला सांगितला. चार लोकांनी बघितला असेल म्हणून मी निवांत होते. तेवढ्यात सुभेदार आले.

सुभेदार मूळचे कुंडलचे. सैन्यातून निवृत्त झाले आणि होतं नव्हतं ते घालून नंदनवनात घर घेतलं. ताठ चालायचे, खुर्ची दिली तरी बसायचे नाहीत. टेबलावर हात ठेवून म्हणाले, "मॅडम, तुमची निळी रेघ माज्या दिवाणखान्यातनं गेलीया. जरा पलीकडं सरकवा की."

"कुठवर सरकवू?"

"माज्या कंपाउंडच्या भाईर गेली म्हंजे झालं."

"रेघ सरकवते. पाण्याला कोण सांगणार?"

ते तांबडेलाल झाले. मी म्हटलं, चला. यंत्र घेतलं आणि त्यांच्याच दारात उभी राहिले. दांडा शिपायाला धरायला दिला. ओढ्याच्या पलीकडच्या एका जुन्या घरावर पुराची खूण होती, आधी तिची उंची घेतली. मग सुभेदारांच्या उंबऱ्याची. आकडे मी वाचले नाहीत, दुर्बिणीत त्यांनाच बघायला लावले. बराच वेळ ते डोळा लावून उभे होते. मग दुर्बिणीपासून बाजूला झाले, घराकडं बघितलं, खिशातून रुमाल काढून मान पुसली.

"मला घर इकताना अण्णा म्हणालं हुतं, हितं पाण्याचा थेंब येत न्हाई."

मी वहीत लिहिलं: उंबरा खुणेच्या खाली.

"बरं," सुभेदार म्हणाले, "मग आता काय करायचं ते बोला."

इतक्या वर्षांत माझ्याकडं नकाशाबद्दल भांडायला आलेल्या माणसांमध्ये हे वाक्य बोललेला हा एकच माणूस. त्यांनीच मग विजेच्या खांबांवर पट्टे रंगवायची कल्पना काढली: पुलापाशी पाणी इतकं, तर या खांबाशी इतकं. शेजारीपाजारी गोळा करून त्यांनी नंदनवनातले आणि ओढ्याकाठचे खांब रंगवलेही. सैन्यातल्या माणसाला एकदा काम पटलं की मग तो परवानगीची वाट बघत नाही.

पट्टे उठून दिसायला लागले आणि अण्णा आले. अण्णा कधी आवाज चढवायचे नाहीत. साहेबांच्या केबिनमध्ये मला बोलावलं, माझ्यासाठी चहा मागवला.

"मॅडम, तुमी हुशार हायसा. पण गावाचा इचार करा. ह्या नकाशानं जागंचं भाव पडलं. बँका कर्ज देईनात. गाव म्हंजे काय नुसतं पाणी हाय व्हय?"

"अण्णा, भाव नकाशानं नाही पडले. ओढ्यानं पडले."

"ओढा काय आज आला? इतकी वर्सं कुणाला तरास न्हवता."

"त्रास होता. नकाशा नव्हता."

साहेब मध्ये पडले. म्हणाले, तूर्तास संकेतस्थळावरून काढून ठेवा, तज्ज्ञांकडून तपासून घेऊ, आणि तोवर नंदनवनापाशी रेघ जरा मागं घेता येईल का ते बघा. मी म्हटलं, "साहेब, काढायचा तर तुम्ही काढा, अधिकार तुमचा आहे. पण रेघ मी सरकवणार नाही. माझी सही असलेल्या नकाशावर पाणी जिथं येतं तिथंच येणार."

नकाशा संध्याकाळपर्यंत गेला. त्याच आठवड्यात मला कारणे दाखवा नोटीस मिळाली: शासकीय माहिती विनापरवानगी प्रसिद्ध करून जनतेत घबराट निर्माण केली, वगैरे. मी उत्तर लिहिलं की यातली प्रत्येक माहिती संबंधित खात्यानं आधीच प्रसिद्ध केलेली आहे. मी ती फक्त एकत्र मांडली. घबराट पाण्यानं होते, नकाशा बघून लोक घर आवरतात. यजमानांनी वाचून शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि म्हणाले, "दे."

आता पुढची गंमत सुभेदारांची. त्यांना नकाशा गेल्याचं कळलं तेव्हा ते माहितीच्या अधिकाराचा अर्ज घेऊन आले. आमच्या शाखेची जन माहिती अधिकारी मीच होते. कायद्यानं विचारलेली माहिती देणं मला भाग होतं, आणि इतक्या आनंदानं मी कायदा कधी पाळला नव्हता. नकाशाची प्रत त्यांना दिली. मग त्यांच्या शेजाऱ्याचा अर्ज आला. मग ओढ्याकाठच्या गल्लीचा. खिळा जपणाऱ्या आजींनी सुनेच्या हातून अर्ज पाठवला. माझं टेबल अर्जांनी भरलं आणि संकेतस्थळावर कुणी न बघितलेला नकाशा घराघरांत फ्रीजवर चिकटला. छपाईच्या दुकानदारानं तर तो मोठा करून दारातच लावला.

साहेब चिडले, पण त्यांना बोट ठेवायला जागा सापडेना. शेवटी माझी बदली खालच्या मजल्यावर जन्म-मृत्यू नोंदणीत झाली. नकाशा काढणाऱ्या माणसाला दाखले द्यायला बसवणं ही शिक्षा होती. मी ती नेटानं भोगली. लोकांना पहिल्यांदाच दाखल्यावरचं नाव बरोबर लिहून मिळायला लागलं.

पुढच्या पावसाळ्यात पूर आला. वर डोंगरात पाऊस थांबेना, धरणातून पाणी सोडावं लागलं, नदी पुलाला भिडली. आणि पाणी आलं ते गावाच्या मागून, ओढ्यातून उलटं. या वेळी लोक नदीकडं तोंड करून बसले नव्हते. सुभेदारांनी पट्टे बघून नंदनवन आधीच रिकामं केलं होतं. ओढ्याकाठच्या गल्ल्यांतली माणसं, म्हशी, शिलाईची यंत्रं, सगळं वर गेलं होतं. पडद्याची खोली, कंपनीच्या माणसानं सांगितल्याप्रमाणे, अंधारात होती.

निळी रेघ जवळजवळ सगळीकडं खरी ठरली. एक जागा सोडून. ती जागा म्हणजे शाळा.

पार्वतीची सगळी वस्ती मी सांगितलं तशी वेळेत शाळेत गेली. आणि शाळेत पाणी आलं. त्या बाजूनं नवा वळणरस्ता झाला होता, भराव टाकून उंच केलेला, आणि पाणी जायला त्याखाली पुरेशा मोऱ्या ठेवलेल्या नव्हत्या. त्या भरावाची उंची कुठल्याही खात्यानं कुठंही जाहीर केलेली नव्हती. ओढ्याचं पाणी रस्त्याला अडून फुगलं आणि शाळेच्या वर्गांत शिरलं. लेकराबाळांना घेऊन सगळे गच्चीवर चढले. पावसात, वर छप्पर नाही. बोटीनं त्यांना काढलं तेव्हा मी काठावर उभी होते. कुणाला काही झालं नव्हतं. पार्वती बोटीतून उतरली, माझ्याकडं बघितलं आणि न बोलता पुढं गेली. नोटीस, बदली, अण्णांचा चहा, यातलं काही मला लागलं नाही. ते न बोलणं लागलं.

पाणी ओसरल्यावर पंचनामे सुरू झाले. घर पाण्यात गेलं होतं याची सरकारी नोंद म्हणजे पंचनामा; तो झाला तरच मदत. तलाठी आले, नंदनवनाचे पंचनामे झाले, गल्ल्यांचे झाले. वस्तीपाशी येऊन त्यांनी नगरपालिकेचा नकाशा बघितला. तिथं पांढरा कागद. अण्णांची माणसं सांगायला हजर होतीच, की ही टोळी मदतीच्या आशेनं पुरानंतर आलीय, नवं अतिक्रमण आहे.

पार्वती माझ्या टेबलापाशी आली तेव्हा मी कुणाचा तरी जन्मदाखला लिहीत होते. रांग सोडून थेट पुढं आली.

"बाई, तुमी म्हणाला शाळेत जावा. गेलो. पाणी आलं."

"हो."

"आता तलाठी म्हंत्यात, तुमी हितं न्हवताच. मग मी कुटं हुते? आभाळात?"

मी पेन खाली ठेवलं. "पार्वती, तूच सांगितलं होतंस, घरं काढू नका म्हणून."

"सांगितलं हुतं. आता सांगते, काढा. उठीवलं तर भांडू. पण न्हवतोच म्हणाय लागली तर भांडायचं कुणासंगं?"

मी उरलेल्या दिवसाची रजा टाकली आणि तिच्याबरोबर वस्तीवर गेले. दांडा धरायला सुभेदार आले. बायकांनी आपापलं घर दाखवलं: कुठं चूल होती, कुठं दार होतं, पाणी कुठवर आलं. प्रत्येक घर मी त्यांच्या तोंडून ऐकून, त्यांच्या डोळ्यांसमोर काढलं. घरावर कुणाचं नाव लिहायचं, हे त्यांनी ठरवलं. बऱ्याच घरांवर त्यांनी बायकांची नावं सांगितली.

मग मी आकाशातली छायाचित्रं उघडली. तीच, जी कुणालाही बघता येतात. मागं मागं जात राहिले. एका छायाचित्रात नंदनवन होतं. त्याच्या आधीच्यात नंदनवन अर्धं होतं. त्याच्याही आधीच्यात नंदनवनाच्या जागी ऊस होता, हिरवागार, आणि उसाच्या कडेला ओढ्याच्या उतारावर बारकी बारकी छपरं. पार्वतीची वस्ती. मतदार यादीतही त्यांची नावं निघाली, घर क्रमांकाच्या जागी शून्य लिहिलेली. मतं घेताना ही माणसं होती. मदत देताना नव्हती.

हे सगळं जोडून वस्तीनं नगरपालिकेत अर्ज दिला, तेव्हा साहेबांनी सुनावणी ठेवली. मी पुन्हा अर्धा दिवस रजा टाकली आणि जिना चढून वर गेले, कर्मचारी म्हणून नाही, गावची रहिवासी म्हणून. वस्ती सगळीच आली होती, खोलीत मावेना. सुभेदार दारात उभे. अण्णा साहेबांच्या उजव्या हाताला.

अण्णा म्हणाले, "साहेब, मॅडमना आमच्या वसाहतीवर पैल्यापासनं राग हाय. ही माणसं काल आली."

मी छायाचित्रं एकापाठोपाठ एक टेबलावर मांडली. ऊस असलेलं सगळ्यात शेवटी. साहेबांनी ते उचललं आणि बराच वेळ बघितलं. अण्णांनी ते बघायला मागितलं नाही. माणूस हुशार, काय असणार ते त्यांना माहीत होतं. ऊस त्यांचाच होता.

पार्वती पुढं झाली. "साहेब, अण्णांच्या उसात खुरपाय मी गेलीया. त्यांस्नी इचारा, मी कवा आले."

अण्णा खिडकीकडं बघत म्हणाले, "खुरपाय लय जणी यायच्या."

"व्हय. पण त्या सांजंला गावात जायच्या. मी बांध उतरून घरी जायची."

साहेबांचं एक मला मानावं लागेल. ते वाकत होते, पण पुरावा समोर असताना खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी तिथंच लिहिलं: वस्ती पूर्वीपासूनची, पंचनामे करावेत, पुनर्वसन होईपर्यंत हलवू नये. पंचनामे झाले, मदत मिळाली. पुनर्वसनाची फाइल अजून चालते आहे. अशा फाइली चालतातच, पोचत नाहीत. पण घरं पाडायचं यंत्र परत आलेलं नाही.

सुनावणीच्या शेवटी साहेबांनी नकाशा पुढ्यात घेतला आणि विचारलं, "या वस्तीला नाव काय? नकाशावर काहीतरी लिहावं लागेल."

कुणी देवाचं नाव सुचवलं, कुणी एका पुढाऱ्याचं. पार्वतीनं सगळ्यांना हातानं गप्प केलं. "नवं अतिक्रमण म्हणाली न्हवं सगळी? मग लिहा, जुनी वस्ती."

साहेबांनी तेच लिहिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी निवृत्त झाले. निरोपसमारंभात नारळ मिळाला, शाल मिळाली, भाषणात नकाशाचा उल्लेख कुणी केला नाही. वळणरस्त्याच्या भरावाची उंची मागणारा अर्ज मी आता साधी नागरिक म्हणून केला. उत्तर आलं, माहिती उपलब्ध नाही. मग सुभेदार आणि मी तो रस्ता टोकापासून टोकापर्यंत मोजून काढला. ठेकेदाराचा एक माणूस मोटारसायकलवरून येऊन म्हणाला, परवानगी हाय का? सुभेदार म्हणाले, "रस्ता सरकारी हाय, डोळं आमचं हायत. बाजूला सरक, दांडा दिसंना." मोऱ्या अजून झालेल्या नाहीत. शाळा मात्र आता निळ्या रेघेच्या आत आहे, आणि ते सगळ्या गावाला ठाऊक आहे.

मी आता वाईला असते. गावाचा तो सगळा नकाशा मी एका खुल्या नकाशावर चढवला आहे, जिथं कुणीही भर घालू शकतं आणि कुणा एकाला मनाला येईल तसं पुसता येत नाही. लोकांच्या फोनमधले काही नकाशे त्याच्यावरूनच बनतात, हे अण्णांना ठाऊक नसावं. परवा सुभेदारांचा फोन आला. सांगत होते, नंदनवनात हल्ली घरपोच सामान येतं, त्या खोक्यांवर पत्ता छापलेला असतो: नंदनवन, जुन्या वस्तीच्या मागे.

"अण्णांच्या घरला बी तसंच येतंय," ते म्हणाले. "लय तक्रारी केल्या त्यांनी. बदलत न्हाई."